सालावर धरलेला साहेब

मी खुर्ची. साधीसुधी नव्हे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरची खुर्ची. आज माझा मागचा पाय तारेने बांधलेला दिसतोय, म्हणून हसू नका. एके काळी मला पाहून लोक चपला बाहेर काढून आत येत.

माझा जन्म मंगरूळपीरचा, रामराव सुताराच्या हातचा. एका हेडमास्तरांनी मला करायला सांगितलं आणि न्यायच्या वेळी "फार रुंद झाली" म्हणून नाकारलं. बाईमाणसाला असं कुणी तोंडावर सांगतं का? कितीतरी दिवस मी भुशात पडून होते. मग शालिग्राम ठेकेदार आले, एकदा ऐसपैस बसले आणि मला बैलगाडीत घालून घेऊन गेले.

शालिग्राम रस्त्यांवरच्या मोऱ्या बांधायचे सरकारी ठेके घेत. अकोल्याच्या एका वकिलाने त्यांना समजावलं, "स्वतःच्या नावावर धंदा करू नका, कंपनी काढा. उद्या धंदा बुडाला तरी घर वाचेल. कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे." चौऱ्याहत्तर साली कंपनी निघाली. डायरेक्टर दोन, शालिग्राम आणि त्यांची बायको तुळसाबाई. वकिलाचं ते शेवटचं वाक्य मात्र शालिग्रामांनी फारच मनावर घेतलं.

कंपनीच्या साखरेचा चहा ते स्वतः पीत नसत. कंपनीच्या कंदिलाजवळ बसून घरचं पत्र वाचत नसत. पाहुणा आला की आधी विचारत, "माह्याकडं आले का कंपनीकडं?" त्यावर चहा कुठून आणायचा ते ठरे. सोयरे यायचे कमी झाले.

काम चालू असे तोवर ठीक होतं. कंपनी त्यांना मुकादमाएवढा पगार देई. पण एका वर्षी पाडव्याच्या सुमारास ठेका संपला आणि पुढचं टेंडर दिवाळीनंतर निघणार होतं. बँकेत कंपनीचा पैसा होता, तरी शालिग्रामांनी स्वतःचा पगार बंद केला. सामानावर राखण करणाऱ्या देवमनचा मात्र चालू ठेवला. म्हणायचे, "तो राखण करून राह्यला. मी काय करून राह्यलो?"

श्रावण लागला तशी तुळसाबाई देवमनच्या बायकोकडून ज्वारी उसनी आणू लागली. म्हणजे कंपनी देवमनला पोसत होती आणि देवमन कंपनीच्या साहेबाला! साहेबांच्या वहाणेचा अंगठा तुटला होता, तो ते सुतळीने बांधून चालत. मला फार वाईट वाटे, पण लाकडाने बोलायचं कसं?

एका दुपारी पावसाची झड लागली होती. ऑफिसात कुणी नव्हतं. शालिग्राम माझ्यातून उठले, समोरच्या बाकावर जाऊन अंग चोरून बसले आणि माझ्याकडे बघत त्यांनी हात जोडले.

"साहेब, घरात दाणा नाही. पगाराचं पाहा जी."

मग उठून परत माझ्यात येऊन बसले. आवाज एकदम जाड झाला. "इतके दिवस काम काय केलं?"

पुन्हा बाकावर. "ठेकाच नाही त काम कुठून आनू?"

पुन्हा माझ्यात. "मंग मी पगार कुठून आनू?"

अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. माझ्यातला शालिग्राम काही केल्या ऐकेना. शेवटी बाकावरचा शालिग्राम डोळे पुसत म्हणाला, "मंग येतो साहेब. मालेगावच्या ठेकेदाराकडं मुकादमाची जागा हाय. उद्यापासून तिकडंच जातो."

हे गेले तर टेंडर कोण भरणार? कंपनी तिथेच मिटली असती आणि मी परत भुशात.

तुळसाबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती सरळ आत आली आणि माझ्यात बसली. डायरेक्टर झाल्यापासून पहिल्यांदाच.

"तू काहून बसली तिथं?" शालिग्राम म्हणाले.

"मीबी डायरेक्टर हाव. तुमी बसा बाकावरच. आता सांगा, मामाजी किन्हीराजाले सालदार होते ना?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, शालिग्रामांचे वडील. किन्हीराजा गावच्या पाटलाकडे वर्षाच्या बोलीवर राबत.

"होते."

"झड लागली, वावरात पाय टाकता येत नसे, तवा पाटील त्यायची ज्वारी बंद करे का?"

"कायले बंद करन? साल ठरलं म्हंजे ठरलं. रिकाम्या दिवशी बाप गोठ्यात बसून दोर वळे."

"मंग बिनकामाची ज्वारी खानारे मामाजी चोर होते का?"

शालिग्राम ताडकन उठले. "माह्या बापाले चोर म्हणतं?"

"मी नाही म्हणून राह्यली. मघापासून तुमीच म्हणून राह्यले."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. शालिग्राम हळूच खाली बसले. हात जोडून म्हणाले, "मंग कितीवर धरता, बाईसाहेब?"

साल ठरलं, तेही मागच्या पाडव्यापासून. काम असो नसो, पगार महिन्याच्या महिन्याला. शिवाय रीतीप्रमाणे एक घोंगडी आणि वहाणांचा जोड. वकिलाने ठराव लिहून दिला खरा, पण 'वहाणा' लिहिताना त्याने चष्मा काढून पुसला म्हणे. देवमनची ज्वारी आधी परत गेली. दिवाळीनंतर टेंडर भरलं आणि मोरी मिळाली.

तेव्हापासून मधल्या रिकाम्या दिवसांत शालिग्राम नव्या वहाणा घालून वेळेवर येतात आणि बाकावर बसून इमानदारीने दोर वळतात. एव्हाना कंपनीकडे मोऱ्यांपेक्षा दोर जास्त झालेत. पण घरात ज्वारी आहे आणि साहेब घरच्या पैशाचा का होईना, दोन वेळा चहा पितात.

परवा त्यांनी बाकावरून विचारलं, "खुर्चीचा पाय गेला जी. सुतार बोलवू का?"

"सध्या ठेका नाही," तुळसाबाई गालात हसत म्हणाली. "खुर्चीले काम काय हाय?"

"काम नसलं तरी उभी त राह्यते बिचारी," शालिग्राम म्हणाले. "तिलेबी सालावर धरा."

ऐकून मी करकरले. ते रडू होतं की हसू, माझं मलाच कळलं नाही. दरसाल तेलपाणी, एक गादी आणि मोडला तर पाय, एवढ्यावर येत्या पाडव्यापासून माझं साल ठरलंय.

पाडवा आता तोंडावर आलाय. बाजारात रामराव सुतार भेटला तर माझा निरोप द्या. म्हणावं, तार कापायला पक्कड घेऊन ये. आणि माझ्या रुंदीबद्दल एक शब्द काढू नकोस. आता मी नोकरीतली बाई आहे.