बसता न येणारी खुर्ची

मिस्त्रीने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट दाबून धरलं आणि पटाशी लाकडावर टेकवली. रेघ वीतभर सरळ गेली, मग वळवळली. त्याने चोरून मागे पाहिलं. ताई खिडकीपाशी कागदावर वाकलेली होती. तिचं लक्ष नव्हतं, निदान त्याला तसं वाटलं.

चाळीस वर्षं ज्याची रेघ बघून लोक आपलीच पट्टी तपासत, त्याच्यावर ही वेळ यावी! त्याच्या कपाटाचा एक खण आत लोटला की हवेच्या दाबाने शेजारचा अलगद बाहेर यायचा. त्या खणांसाठी गिऱ्हाईकं वर्षवर्ष थांबायची. ताईसुद्धा कॉलेज संपवून आली ती पटाशी धरायला त्याच्याकडेच शिकली. पुढे कारखाना तिचा झाला, डिझायनर म्हणून नाव झालं, आणि गेल्या वर्षी सगळं ऐन भरात असताना तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं. कपाटं बंद. आता एका ओंडक्यातून हाताने कोरलेल्या वस्तू, एकीसारखी दुसरी नाही, हौसेने संग्रह करणाऱ्यांसाठी.

समोरच्या वस्तूला ताई खुर्ची म्हणायची. बसायला जावं तर पाठीत रुतायची, कपडे टाकावेत तर घसरून पडायचे. हल्ली काय बनवता, असं बायकोने विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "अडगळ. पण अगदी मन लावून."

चेष्टा ठीक होती. पण हात थरथरतो हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते उघड झालं की घरी बसायचं, आणि घरी बसून करायचं काय? लाकडाशिवाय दुसऱ्या कशात त्याचा जीव नव्हता. पण लपवून तिचं काम बिघडवायचं, हेही त्याला सोसेना. आज तो सांगणारच होता.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या बाई आल्या. खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मिस्त्री म्हणाला. "चुकलंय ते. घासून काढतो."

"अहो, हात लावू नका! सगळ्यात जिवंत जागा आहे ही. पूर्ण पाठीवर अशाच रेघा येऊ द्या."

हसावं की रडावं, त्याला कळेना. बाई गेल्यावर तो पटाशी उगाच पुसत राहिला.

"पोरी, एक सांगायचंय. त्या रेघा मी मुद्दाम नाही केल्या. माझा हात..."

"आधी चहा घ्या, काका. गार होतोय."

तिने कप पुढे ठेवला. मिस्त्रीने उचलला. हात हलला, चहा आतल्या आत हिंदकळला, पण थेंबभरही सांडला नाही. कप अर्धाच भरलेला होता.

अर्धाच का गं, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काल अर्धाच होता. परवाही. अर्धा संपला की ती पुन्हा अर्धा ओतायची, आणि गरम राहावा म्हणून असेल, अशी त्याने समजूत करून घेतली होती. मग त्याला शेवटचं कपाट आठवलं. त्याचा तिसरा खण काही केल्या बसेना, तेव्हा ताईने तो त्याच्या हातातून काढून घेतला होता. "राहू द्या, काका, मला कंटाळा आलाय कपाटांचा," म्हणाली होती. त्याच आठवड्यात कपाटं बंद झाली होती.

मिस्त्रीला एकदम भरून आलं. ताई पुन्हा कागदावर वाकली होती आणि मान वर करायला तयार नव्हती.

"काय सांगत होतात?" तिने कागदाकडे बघतच विचारलं.

त्याने चहा संपवला आणि रिकामा कप तिच्याकडे सरकवला.

"काही नाही. राहिलेला अर्धा ओत."

चहा पिऊन तो खुर्चीपाशी गेला आणि पटाशी उचलली. या वेळी त्याने मनगट धरलं नाही.