आज मूल काय म्हणालं

बाईंनी ओल्या फडक्यानं गोटीच्या अंगठ्यावरचा निळा रंग पुसला आणि विचारलं,

"हा कुठला रंग?"

गोटीनं अंगठ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि पुढचं बोट समोर धरलं.

"आणि हा?"

ते बोट पिवळं होतं. बाईंनी तेही पुसलं. दहाही बोटं स्वच्छ झाल्यावर गोटीनं हात उलटेसुलटे करून नीट तपासले, पसंतीची मान हलवली आणि आपल्या चटईवर जाऊन बसली. साडेचार वर्षांच्या या मुलीला बालवर्गात येऊन सहा महिने झाले होते आणि इतक्या दिवसांत ती एक शब्दही बोलली नव्हती. ऐकू नीट यायचं. मागून हाक मारली की ती वळायची, डबे काढा म्हटलं की सगळ्यांच्या आधी झाकण उघडायची. हसायचीसुद्धा, फक्त आवाज न करता.

सव्वाबारा झाले होते. मुलांची बस साडेबाराला निघे. बाईंनी कपाटावरचा फोन काढला आणि 'संवादवही' उघडली. शाळेनं याच वर्षी घेतलेलं हे अ‍ॅप. प्रत्येक मुलाचं एक पान, पानावर रोज एक फोटो आणि त्याखाली तीन चौकोन: आज मूल काय खेळलं, काय जेवलं, काय म्हणालं. पालक ते वाचत आणि खाली आपली भर घालत. एखादा चौकोन रिकामा राहिला तर तो लाल व्हायचा, पान पुढे सरकायचं नाही, आणि वर्गाची वही अडल्याची सूचना मुख्याध्यापिकांच्या फोनवर जायची.

एकवीस पानं भरून झाली. बाविसाव्या पानावर बाईंचा अंगठा जरा घुटमळला. मग त्यांनी लिहिलं, 'बाई, रंग बोटातून येतो का?'

चौकोन हिरवा झाला.

पहिल्यांदा हे झालं ते निव्वळ घाईत. त्या दिवशी बस दारात उभी होती, दोन मुलं बुटांच्या अदलाबदलीवरून रडत होती, आणि गोटीचा चौकोन काही केल्या लाल रंग सोडायला तयार नव्हता. आधीचे दोन महिने त्या तिथे एक रेघ ओढून वेळ मारून नेत. त्या आठवड्यापासून अ‍ॅपनं रेघ घेणं बंद केलं होतं. तेव्हा शेजारच्या मुलीचं एक वाक्य त्यांनी गोटीच्या नावावर टाकलं, 'माझी सावली माझ्याआधी घरी गेली.' संध्याकाळी नीट करू असं म्हटलं होतं. पण संध्याकाळपर्यंत गोटीच्या आईनं खाली सात हृदयं लावली होती आणि समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या तिच्या बाबांनी लिहिलं होतं, 'हे वाक्य मी माझ्या बिछान्याजवळ चिकटवलं आहे. सगळ्यांना दाखवतो.'

एकदा पाठवलेलं पान वहीतून काढता येत नव्हतं. तशी सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी चौकोन पुन्हा आला, आणि तिसऱ्या दिवशीही. काल सावलीबद्दल बोललेली मुलगी आज एकदम गप्प कशी झाली, याचं उत्तर बाईंपाशी नव्हतं. चार महिने झाले. आता त्यांना गोटीसारखं बोलायची सवय झाली होती. भाजी चिरताना, आंघोळ करताना त्यांना गोटीची वाक्यं सुचत. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, मूल गोड बोलतं.

त्यातल्या त्यात एका गोष्टीचा आधार होता. गोटीची आईही खाली लिहायची. 'काल म्हणाली, माझी चप्पल रुसली आहे.' 'आज सकाळी म्हणाली, दूध गरम आहे, त्याला फुंकर घाल.' म्हणजे पोर घरी बोलत होती. तिची जीभ अडत होती ती फक्त आपल्यासमोर. या विचारानं बाईंना वाईट वाटायचं, पण हायसंही वाटायचं. त्या घाईघाईनं एक हृदय दाबायच्या आणि पुढच्या पानाकडे वळायच्या.

बस गेली. बाई चटया गुंडाळत असताना मुख्याध्यापिका दारात आल्या. हातात एक कागद होता.

"परवा वाचातज्ज्ञ येताहेत. वर्षातून दोनदाच येतात, तेव्हा एकही मूल गैरहजर राहायला नको. तुमच्या वर्गातली दोन आहेत."

बाईंनी कागद घेतला. सगळ्या वर्गांची मिळून सहा नावं होती.

"ही यादी कुणी केली?"

"वहीनं. ज्यांच्या पानावर वाक्यं कमी, ती नावं आपोआप वर येतात. पूर्वी आपण अंदाजानं निवडायचो, आता कसं स्वच्छ काम."

"गोटीचं नाव नाही."

मुख्याध्यापिका हसल्या. "गोटीचं कशाला असेल? तिचं पान तर मी तीन शाळांच्या प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलं. शाळा लिहिते, आई लिहिते, एवढ्या लांबून बाप लिहितो. मी म्हटलं, घर आणि शाळा मिळून मूल घडवतात म्हणजे काय, ते इथे बघा. पुढच्या वेळी तुम्हीच बोला त्यावर."

बाईंनी तोंड उघडलं. मग चटईची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

"बघते," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापिका गेल्यावर बाई मुलांच्या एका बुटक्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मोठ्या माणसाला नीट बसताही येत नाही आणि चटकन उठताही येत नाही; गुडघे हनुवटीपर्यंत आले. समोरच्या टाकीत वर्गाचा एकुलता एक मासा काचेपर्यंत येत होता आणि वळत होता. बाईंनी गोटीचं पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. चार महिन्यांत त्यांनी ते असं सलग कधी वाचलं नव्हतं. आपलं वाक्य, आईचं वाक्य, बाबांचं हृदय. एवढी हुशार मुलगी बघून कुणालाही कौतुक वाटलं असतं.

तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर त्या थांबल्या. तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'मासा झोपतो कधी?' आणि खाली आईचं उत्तर होतं, 'घरी आल्या आल्या मलाही हेच विचारलं. मासा झोपतो कधी? मी म्हटलं, बाईंनाच विचार.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. तो प्रश्न गोटीनं शाळेत विचारलाच नव्हता. तो त्यांनी स्वतः, इथेच, टाकीत दाणे टाकताना रचला होता. मग घरी तो कुणी विचारला?

त्यांनी मागची पानं भराभर सरकवली. 'घरीही तेच म्हणाली.' 'हो, घरी पुन्हा सांगितलं.' असं किमान नऊ ठिकाणी होतं.

बाईंनी बोलावल्यावरून दुसऱ्या दिवशी बस सुटल्यावर गोटीची आई आली. ती एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकानाचा फिका हिरवा कोट तसाच अंगावर होता. बाईंनी गोटीला मुद्दाम बसमध्ये बसवलं नव्हतं. ती कोपऱ्यात लाकडी ठोकळे रंगांप्रमाणे लावत होती.

"काही झालं का, बाई? वहीत तर सगळं छान असतं."

"बसा ना."

आई बुटक्या खुर्चीवर बसली. पर्स तिनं मांडीवर घट्ट धरली.

"गोटी घरी बोलते का?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? मी लिहिते की रोज."

"मासा झोपतो कधी, हे तिनं विचारलं होतं?"

"हो. आल्या आल्या."

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"ते वाक्य माझं आहे. तिनं शाळेत विचारलंच नव्हतं. ती शाळेत काहीच बोलत नाही, गोटीची आई. पहिल्या दिवसापासून नाही. चौकोन रिकामा ठेवता येत नव्हता म्हणून एकदा लिहिलं, आणि मग थांबता आलं नाही. सगळी वाक्यं मी लिहिली आहेत."

आईच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. समोरचं अक्षर वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तशी ती बाईंकडे धीरानं पाहत राहिली.

"सगळी?"

"सगळी."

"सावलीचं?"

"ते दुसऱ्या मुलीचं होतं."

कोपऱ्यात एक ठोकळा पडला. गोटीनं तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"मला वाटलं, ती शाळेत बोलते," आई हळूच म्हणाली. "इतकं छान छान बोलते. आणि घरी आली की गप्प. म्हणजे तिला फक्त माझ्याशीच बोलायचं नाही."

बाईंनी आपली खुर्ची जरा पुढे ओढली.

"तुम्ही लिहायच्या आणि हे तिकडून विचारायचे, घरी काय म्हणाली? मी काय सांगणार? मुलगी बाईंशी बोलते, आईशी बोलत नाही, असं सांगू? मग मीही लिहायला लागले. रोज तिला समोर बसवायचे. तुमचं वाक्य वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, हे म्हण. शाळेत म्हणालीस ना, मग मलाही म्हणून दाखव." ती थांबली. पर्सची चेन तिनं उघडली आणि लावली. "एकदा मी तिला मारलं, बाई. त्या माशावरूनच."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. बाईंना माफी मागायची होती, पण तो शब्द या खोलीत फार लहान वाटला असता.

"तुम्ही त्याच वेळी सांगायला हवं होतं," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"चार महिने गेले."

"हो. आणि उद्या वाचातज्ज्ञ येणार आहेत. यादीत तिचं नाव नाही, कारण पान भरलेलं आहे. मी आता जाऊन सांगते."

आईनं मान हलवली. बरं म्हणून की नको म्हणून, ते बाईंना कळलं नाही. त्या उठल्या.

मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच चष्मा काढून टेबलावर ठेवला, तो परत लावला नाही.

"तीन शाळांना मी ते पान दाखवलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"जुनी पानं पुसता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

मुख्याध्यापिकांनी यादी जवळ ओढली आणि सहाव्या नावाखाली पेनानं सातवं नाव लिहिलं. "वेळ मिळेलच असं नाही. आईला म्हणावं, शेवटपर्यंत थांबा." मग मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्याविषयी आपण नंतर बोलू."

बाई वर्गात परतल्या तेव्हा आई खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली होती. गोटीनं तिच्या कोटाच्या खिशात एक लाल ठोकळा घातला होता आणि आता दुसरा घालत होती. आई तिला अडवत नव्हती.

"उद्या अकराला या. नंबर शेवटचा आहे, थांबावं लागेल."

"थांबेन. दुकानात सांगते." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ह्यांना काय सांगायचं? सावलीचं वाक्य अजून तिथंच चिकटवलेलं आहे."

बाईंनी कपाटावरून फोन घेतला. आजच्या एकवीस पानांचं काम बस सुटण्याआधीच झालं होतं. बाविसावं अर्धं राहिलं होतं. काय खेळली, ठोकळे. काय जेवली, सगळा डबा. तिसरा चौकोन लाल होता. बाई उभ्या उभ्याच लिहू लागल्या. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

'आज गोटी काही बोलली नाही. याआधीही कधी बोललेली नाही. आधीची वाक्यं माझी होती.'

चौकोन हिरवा झाला. त्याला तेवढं पुरेसं होतं.

आईच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिनं तो काढला, वाचला आणि बराच वेळ हातात नुसता धरून ठेवला. गोटी उठून तिच्या खांद्याला रेलली आणि उजळलेल्या पडद्याकडे पाहू लागली. आईनं एका हातानं तिला जवळ घेतलं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिनं खाली दोनच शब्द लिहिले.

'घरीही नाही.'

थोड्या वेळानं त्याखाली एक बारीक ओळ उमटली, 'गोटीचे बाबा लिहीत आहेत.' ओळ नाहीशी झाली. पुन्हा उमटली. बाई आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि दोघी त्या ओळीकडे बघत राहिल्या.