दोन कॅमेरे आणि सेरवाचा चेहरा

"अंपोन्सा, आमच्या वडिलांच्या उत्तरकार्याला लोक नाचत होते की बोटीत बसले होते?"

ओफोसुआबाईंनी फिल्मचा पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन बहिणींनी हसू दाबलं.

अंपोन्साचा चेहरा आक्रसला. घानातल्या कुमासीत गेली कित्येक वर्षं शनिवारचं, ढोल-नाचाचं उत्तरकार्य म्हणजे अंपोन्साचा कॅमेरा, असं समीकरण होतं. बांतामा भागातल्या त्याच्या दुकानाबाहेर पाटीसुद्धा नव्हती, गरजच पडली नव्हती. तिपाईशिवाय, नाचणाऱ्यांच्या घोळक्यातून उलटा चालत जावं आणि चित्र मात्र भिंतीवर टांगल्यासारखं स्थिर, यासाठीच त्याचं नाव होतं.

"बाई, तुम्ही स्टेज लाकडाचं घातलं होतं," तो म्हणाला. "शिवाय ते स्पीकर. ढोल वाजला की माझ्या पोटातला फुफूचा गोळा हलत होता, कॅमेरा कसा नाही हलणार?"

"गेल्या वर्षी मावशीच्या वेळी तेच स्टेज होतं, तेच स्पीकर होते."

"तेव्हा जमीन सुकी होती."

त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी दुफी आतल्या कॉम्प्युटरवर काम करत होती. जमिनीचं कारण ऐकून तिने मान खाली घातली. बाई गेल्यावर ती म्हणाली, "मामा, नवा कॅमेरा घेऊच या. त्यात आतच हादरे गिळायची सोय असते. तुम्ही धावलात तरी चित्र पाण्यावर तरंगल्यासारखं येतं."

"आणि रंग?"

"रंगाचं बघता येईल."

"रंगाचं बघता येत नाही, दुफी. रंग असतो, नाहीतर नसतो."

हा वाद त्यांच्यात नवा नव्हता. अंपोन्साचा जुना कॅमेरा अवजड होता, त्याचा पट्टा दोनदा शिवलेला होता आणि हादरे गिळणं वगैरे त्याच्या गावीही नव्हतं. पण उत्तरकार्यातला काळा त्याच्यात काळा दिसायचा, लाल लाल दिसायचा, आणि माणसाच्या कातडीत तांब्यासारखी जी झाक असते ती तशीच्या तशी उतरायची. पुढे एखादी बाई वारली की घरचे लोक जुनी फिल्म काढून म्हणायचे, ही बघ, अशीच होती आमची आई. अंपोन्सासाठी सगळा धंदा त्या एका वाक्यात होता.

शेवटी दुफीने राजधानी आक्राहून एका ओळखीच्या छायाचित्रकाराचा नवा कॅमेरा आठवडाभरासाठी मागवला. दोन्ही एकाच जागी, एकाच उन्हात चालवून बघायचे आणि सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरलं.

दुकानामागच्या अंगणात कडुलिंब होता. अंपोन्साची बायको सेरवा केजेशिया बाजारात कापड विकायची. तिला लाल पट्ट्याचं काळं कापड नेसून बोलावून आणलं. ती गिऱ्हाईक सोडून आली होती, त्यामुळे आल्या आल्या तिने बजावलं, "चालायचं तेवढं चालेन. नाचणार नाही."

"नुसती चाल. पण हात हलव, उत्तरकार्यात अडोवा नाचतेस तसे."

"म्हणजे नाचूच की."

अंपोन्साने आधी नवा कॅमेरा घेतला आणि तिच्यापुढे उलटा चालत अंगणभर फिरला. मग तेच जुन्यावर. जुन्यावर मनासारखं होईना, म्हणून पुन्हा एकदा. तेवढ्यात फोन वाजला. येत्या शनिवारी ताफोत अफ्रिये आजीचं उत्तरकार्य होतं आणि तिच्या घरच्यांना मांडव कुठल्या बाजूला घालू ते विचारायचं होतं. अंपोन्सा बोलत बोलत रस्त्यावर गेला आणि ऊन कुठून येतं हे त्यांना समजावत बराच वेळ तिथेच उभा राहिला.

परत आल्यावर पडदे ओढून तिघं कॉम्प्युटरसमोर बसले.

नव्या कॅमेऱ्याचं चित्र लागलं. खरोखर लोण्यावरून सुरी फिरावी तसं ते सरकत होतं. अंपोन्साने ओठ चावला. दुफीच्या खुर्चीने आनंदाने एक गिरकी घेतली.

सेरवा मात्र पुढे वाकली. "ही कोण?"

"तूच की."

"मी? माझ्या तोंडाला राख फासल्यासारखी दिसतेय. आणि कापड बघ! हे लाल आहे? मी कापड विकते, दुफी. असं लाल मी दुकानात ठेवलं तर बायका मला गाजरवाली म्हणतील."

"मामी, तो चेहरा ओळखून आपोआप उजळवतो. ते बंद करते."

ते तर आधीपासूनच बंद होतं, हे तिला मेनूत शिरल्यावर दिसलं. मग ती रंग सुधारायला बसली. चेहऱ्यात थोडी ऊब आणली तर कापड पेटल्यासारखं दिसायला लागलं. कापड आवरलं तर चेहरा पुन्हा राखेत गेला. दोन्ही सांभाळलं तर मागचा कडुलिंब निळा झाला. अंपोन्सा मागे उभा राहून "बघ, बघ" म्हणत होता आणि दुफीचे खांदे कानांपर्यंत चढत होते.

"मामा, तुम्ही बघ बघ म्हणायचं थांबवाल का?"

"रंगाचं बघता येईल, असं तूच म्हणाली होतीस. म्हणून मी बघ म्हणतोय."

तिने रागाने जुन्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. सेरवाचा चेहरा आला, अगदी तिचाच. गालाच्या हाडावर पडलेलं ऊनसुद्धा खरं. पण चित्र थरथरत होतं. मोठे धक्के नव्हते, एकसारखी बारीक थरथर होती. दुफीने ते कॉम्प्युटरकडून स्थिर करून पाहिलं, तर कडा कापल्या गेल्या आणि सेरवाची बोटं ओल्या पिठासारखी वाकायला लागली. अडोवात पाय कमी आणि हात जास्त बोलतात. हातच बिघडले तर उरलं काय?

दुसरा प्रयत्नही तसाच थरथरत होता. मग तिसरं चित्र लागलं. जुन्याच कॅमेऱ्याचं, सेरवा कडुलिंबाखालून येते, वळते, मनगटं फिरवते. रंग भरलेला आणि चित्र शांत.

अंपोन्सा टुणकन उठला. "हे! हे काय आहे मग? आहे का कुठे हादरा? हादरे गिळायची सोय म्हणे! माझ्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला नावं ठेवता. मन लावून घेतलं की असं येतं. मागच्या दोन्ही वेळी मी घाईत होतो."

दुफीने कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मामा..."

"मामा काय? बोल ना."

"हे तू घेतलंच नाहीस," सेरवा म्हणाली. "तू फोनवर होतास. दुफीने घेतलं."

स्क्रीनवरची सेरवा आणखी एकदा वळली आणि चित्र संपलं.

अंपोन्साने टेबल हलतं का ते दाबून पाहिलं, जसं काही टेबलाने सगळं घडवलं होतं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि दार लोटून बसला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. कित्येक महिन्यांपासून पाहुण्यांसमोर तो स्वतः पाणी ओतत नव्हता, सेरवाला हाक मारायचा. चमचा उजव्या हातातून डाव्या हातात गेला होता. पण हात एक गोष्ट आणि कॅमेरा दुसरी, कॅमेरा धरला की अंगात जे येतं ते हाताला सावरून घेईल, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. आता त्याने जुना कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि समोरच्या कॅलेंडरवर रोखला. तारखा थरथरल्या. त्याने श्वास रोखला, कोपर बरगडीला टेकवलं, भिंतीला पाठ लावली. तारखा थरथरतच राहिल्या. एक अस्सल शिवी हासडून त्याने कॅमेरा खाली ठेवला. आदळायची फार इच्छा होती, पण आदळला नाही.

"नवा घे आणि तूच चालव," सेरवा दाराबाहेरून म्हणाली. "थरथर कुणाला कळणार नाही."

"आणि अफ्रिये आजीच्या माणसांना राख फासू?"

अफ्रिये आजी सुईण होती. अर्ध्या ताफोची बाळंतपणं तिने केली होती, दुफीही तिच्याच हातांत जन्मली होती.

शनिवारी जुना कॅमेरा दुफीच्या खांद्यावर होता आणि तिच्या मागे एका पावलावर अंपोन्सा. सकाळपासून तिच्या कानात त्याचं चालू होतं. डावीकडे. इतकी जवळ नको. जवळ जा की. त्या म्हाताऱ्याला चौकटीत कापलंस. मांडवातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. ढोलवाल्यांपैकी एकाने तर विचारलं, "अंपोन्सा, आज कॅमेऱ्याचा आवाज इतका का येतोय?"

दुपारी आजीची धाकटी बहीण नाचायला उठली. ऐंशीच्या पुढची, काठी बाजूला देऊन रिंगणात आलेली. ढोलांनी लय उतरवली. दुफीचा कॅमेरा तिच्या पायांपासून वर येत होता.

"पाय सोड! हात धर, ती हात वर नेणार आहे—"

"मामा, घ्या तुम्हीच!" दुफी वळली आणि तिने कॅमेरा त्याच्या छातीवर टेकवला.

त्याने घेतला. तो घेईल असं तिला वाटलं नव्हतं. त्याने डोळा लावला आणि छोट्या पडद्यात म्हातारीचे हात सापडले, अगदी जिथे हवे तिथे, आणि थरथरायला लागले. तिचे नाही. तिचे हात शांत होते, सावकाश वर चालले होते. आता ती दोन्ही तळवे डोक्यावर ठेवणार, माझं माणूस गेलं म्हणणार, आणि ते पुन्हा होणार नाही. अंपोन्साने कॅमेरा दुफीच्या हातात कोंबला.

"हात. फक्त हात. आणि उजेड थोडा कमी कर, ऊन तिच्या कपाळावर आहे. अजून कमी. बस."

तळवे डोक्यावर टेकले तेव्हा दुफी हलली नाही. अंपोन्साने एकदाही तोंड उघडलं नाही, त्यासाठी त्याला दात घट्ट आवळावे लागले.

नंतर त्याला काही कामच उरलं नाही. कुणीतरी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि हातात जोलोफ भाताची थाळी दिली. इतक्या वर्षांत एकाही उत्तरकार्यात तो पाहुण्यांत बसला नव्हता. समोर एक आडवा पुढारी बसला होता, त्यामुळे त्याला रिंगण दिसत नव्हतं. भात कोरडा होता. ओळखीचे लोक येऊन विचारत होते, बरं नाही का? तो प्रत्येकाला "बरा आहे" असं वेगवेगळ्या चिडलेल्या आवाजात सांगत होता.

परतताना दुफीने गाडी चालवली. सुआमे चौकातल्या वाहनकोंडीत ती म्हणाली, "चिडलात?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर. सेरवावर. त्या कॅमेरे बनवणाऱ्यांवर. हादरे गिळतात म्हणे, आणि आमचे चेहरे पण गिळतात. दोन्ही एकात द्यायला काय धाड भरते त्यांना?" मग खिडकीबाहेर बघत, "त्या हातांच्या वेळी तू कडेला जास्त जागा सोडलीस."

"सोडली."

"सोमवारी रंगाला मी बसेन. माऊसला हात तू लाव."

"आणि मंगळवारी मामी म्हणाली तसं मोठ्या इस्पितळात जाऊ."

समोरच्या ट्रोट्रो व्हॅनचा ड्रायव्हर खाली उतरून आरामात पाणी विकत घेत होता. अंपोन्साने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला दोन शब्द सुनावले.

"बुधवारी," तो म्हणाला. "मंगळवारी तिथे फार गर्दी असते."