परतीची नळी

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, नाल्याकडच्या शेवटच्या ओळीत कमळाकर टिपणीसांची शेड होती. १९८७ साली तिथे एक पेट्रोल इंजिन रोज आठ तास जागच्या जागी धावायचं. चार सिलिंडरचं, हजार सीसीच्या आसपासचं. मूळ ताकद चाळीस हॉर्सपॉवर. टिपणीसांनी त्याला टर्बो बसवला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक छोटं चक्र मिनिटाला लाखभर फेरे घ्यायचं आणि इंजिनात जादा हवा कोंबायचं. त्यामुळे तेच इंजिन साठ हॉर्सपॉवर देऊ लागलं होतं. एका मोटार कंपनीला ते आवडलं होतं. त्यांची अट एकच होती, चारशे तासांच्या चाचणीत इंजिन न मोडता टिकलं पाहिजे.

चाचणी श्यामकांत कर्णिकांकडे होती. वय बत्तीस, राहायला बदलापूरला. टर्बोच्या जोडणीची सगळी ड्रॉइंग त्यांनी स्वतः काढली होती. पण इंजिनापाशी दिवसभर बसायचा तो भीमा.

भीमा वांगणीच्या मागच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीचा. शेड बांधताना पायाचे खड्डे खणायला आला आणि मग तिथेच कामाला राहिला. चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर थोराड पण स्वच्छ. दर पंधरा मिनिटांनी तो तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, फेरे असं सगळं वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी श्यामकांतांनी त्याला काटे वाचायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की तो काट्याकडे नंतर बघतो, आधी ऐकतो. एकदा त्याने तिसऱ्या सिलिंडरचा प्लग कामातून चाललाय म्हणून सांगितलं. सगळे हसले, आणि संध्याकाळी तोच प्लग गेला. तेव्हापासून टिपणीससुद्धा पाहुण्यांना सांगायचे की आमच्याकडे एक मीटर आहे, ते वांगणीहून येतं. भीमा लाजून बाहेर जायचा.

वाडीत त्याला मान होता. कंपनीचं इंजिन चालवतो म्हणून लोक त्याच्याकडे फवारणीचे पंप दुरुस्तीला आणायचे. त्याची बायको नवसी हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायची.

टर्बोचा एक नियम भिंतीवर लावलेला होता. पूर्ण भारावर चाललेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही. दोन मिनिटं संथ चालू द्यायचं, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधून तेल फिरत राहतं आणि ते थंड होतं. नाहीतर आतलं तेल जागच्या जागी करपतं. भीमा म्हणायचा, धावून आलेल्या बैलाला लगेच दावणीला बांधत नाहीत, तसंच हे.

अडीचशे तास उलटले तेव्हा एका सकाळी तो श्यामकांतांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सायब, टर्बोची शिटी आज बरी नाय वाटत. खरखर आलीय तिच्यात."

श्यामकांतांनी वही पाहिली. दाब बरोबर, तापमान बरोबर. मोटार कंपनीचे दोन इंजिनीअर पुढच्या आठवड्यात येणार होते. श्यामकांतांनी भीमाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ते कामाला लागले.

चार दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, वसाहतीतली वीज गेली. इंजिनावर भार टाकणाऱ्या ब्रेकला पाणी पुरवणारा पंप थांबला. पाण्याशिवाय तो ब्रेक अर्ध्या मिनिटात जळाला असता. भीमाने इंजिन लगेच बंद केलं. तशी सूचनाच होती. मग त्याने वहीत लिहिलं, 'लाईट गेली. पाणी बंद. इंजिन लगेच बंद केलं. दोन मिनट दिली नाही.'

शनिवारी सकाळी, दोनशे नव्वदाव्या तासाला, टर्बोचं बेअरिंग अडकलं. चक्राचा दांडा तुटला, इंजिनातून निळा धूर आला आणि शेडमध्ये सगळं शांत झालं.

सोमवारी इंजिनीअर आले. टिपणीसांनी वही उघडली आणि भीमाच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. टिपणीस दुष्ट माणूस नव्हते. बारा वर्षं त्यांनी या इंजिनापायी घालवली होती, आणि कारण असं आयतं हाती आलं होतं. भीमाला बोलावून विचारलं, हे तूच लिहिलंस का? भीमा हो म्हणाला. इंजिनीअरांनाही बरं वाटलं. म्हणजे दोष इंजिनात नाही, चालवणाऱ्याच्या हातात आहे. त्यांनी दुसऱ्या इंजिनावर चाचणी पुन्हा घ्यायला मंजुरी दिली.

मंगळवारी श्यामकांतांनी मोडलेला टर्बो एकट्याने खोलला. बेअरिंगमधून तेल खाली परत येण्यासाठी एक नळी होती. ती सरळ असायला हवी, पण तिच्या वाटेत इंजिनाचा पाय येत होता, म्हणून त्यांनी ड्रॉइंगमध्ये तिला एक बाक दिला होता. त्यांनी करवतीने नळी उभी कापली. बाकाच्या जागी आत काळा, कडक थर होता. मधे पेन्सिलीच्या शिशाएवढी वाट उरली होती. तेल वरून नीट येत होतं, म्हणून काटे बरोबर दाखवत होते. ते परतच जात नव्हतं. आणि तो थर एका दुपारचा नव्हता, महिन्याभराचा होता. शुक्रवारी वीज गेली नसती तरी शनिवारी हेच झालं असतं.

त्यांनी नळीचे दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून खणात ठेवले.

बुधवारी भीमाला जायला सांगण्यात आलं. पगार घेऊन तो श्यामकांतांकडे आला. हातात डबा होता.

"सायब, माज्यामुळं गेलं का ते?"

श्यामकांत म्हणाले, "असं होतं कधी कधी, भीमा."

भीमाने मान हलवली आणि तो गेला.

दुसऱ्या इंजिनाची नळी श्यामकांतांनी सरळ केली. ड्रॉइंगवर 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं. ते इंजिन चारशे तास चाललं. टिपणीसांनी पेढे वाटले. पण वर्षभरात मोटार कंपनीचं धोरण बदललं, त्यांनी बाहेरून तयार इंजिन घ्यायचं ठरवलं, आणि टिपणीसांच्या हाती आभाराचं पत्र उरलं. एकोणनव्वदच्या अखेरीस शेड विकायला निघाली. उल्हासनगर कॅम्प तीनचा एक व्यापारी ती जीन्स धुण्यासाठी घेणार होता.

सामान विकताना वांगणीचा एक भातगिरणीवाला आला. त्याला पाण्याचा पंप हवा होता. बोलता बोलता त्याने श्यामकांतांना विचारलं की तुमच्याकडे भीमा नावाचा ठाकर होता का. त्याने भीमाला गिरणीच्या डिझेल इंजिनावर बोलावलं होतं, दोनदा. पण भीमा आलाच नाही. म्हणाला, माझ्या हाताने इंजिन मरतं. आता मोळ्या विकतो, नाहीतर वीटभट्टीवर जातो. वेडाच आहे, असं म्हणून गिरणीवाला हसला.

त्या दिवशी श्यामकांतांनी घरी येऊन बायकोला, कुंदाला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "अहो, आणि हे त्याला सांगितलंत?"

रविवारी ते वांगणीला उतरले. फडक्यातली नळी पिशवीत होती. दीड तास चालल्यावर वाडी आली. भीमा दारात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. वाळला होता. त्याने घाईने उठून घोंगडी टाकली, नवसीला पाणी आणायला सांगितलं. साहेबांची, टिपणीसांची, इंजिनाची विचारपूस केली. दुसरं इंजिन पूर्ण चाललं हे ऐकून त्याला खराच आनंद झाला.

श्यामकांतांनी नळी काढून त्याच्यापुढे ठेवली. बोलायचं ते मनाशी ठरवून आले होते, पण आठवेना. भीमाने एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, नखाने काळा थर खरवडून पाहिला. बाकावरून अंगठा फिरवला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे लई दिवसांचं हाय," तो म्हणाला.

"हो. चूक माझ्या ड्रॉइंगची होती. तुझी नव्हती."

"कवा कापली?"

"त्याच आठवड्यात. मंगळवारी."

भीमाने तुकडा खाली ठेवला. "मी बुधवारी इचारलंवतं तुमाला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. दिवस नीट लावून घेत असल्यासारखा तो बोलला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "शिटीचं बी सांगलंवतं."

श्यामकांतांनी गिरणीचं काढलं. मी स्वतः मालकाशी बोलतो, उद्याच लाग, म्हणाले. भीमाने मान हलवली.

"आता ऐकाया येत नाय, सायब. म्हंजे येतं. पन खरं वाटत नाय. इंजिन ऐकलं की वाटतं, आपन चुकीचंच ऐकतोय."

नवसी पाण्याचा तांब्या घेऊन मघापासून उभी होती. ती म्हणाली, "वाडीत समद्यांना ठावं हाय यांनी कंपनीचं इंजिन मारलं. माजा भाऊ बी हसतो. तुमी सांगा त्यांना."

श्यामकांत उठले. तिघं खालच्या अंगणात गेली. वाडीतली धडधाकट माणसं कामावर गेली होती. आनंदा नावाचा म्हातारा, शेजारची पुतळाबाई आणि चार बायका होत्या. श्यामकांतांनी उभं राहून सांगितलं, की इंजिन मोडलं त्यात भीमाचा काही दोष नव्हता, दोष माझा होता. त्यांनी नळीही दाखवली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुतळाबाईने नळी हातात घेतली आणि तशीच परत दिली. आनंदाने विचारलं की कंपनीत पुन्हा माणसं घेतायत का. श्यामकांतांनी कंपनी बंद होतेय म्हणून सांगितलं. मग एकेक जण आपापल्या कामाला लागलं.

नवसी तोंडाला पदर लावून घरात निघून गेली.

भीमा त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला आला. वाटेत श्यामकांतांनी माफ कर म्हणून पाहिलं. भीमा म्हणाला, पुढची वाट निसरडी आहे, डाव्या अंगानं जा. तिथून तो परत फिरला.

घरी येऊन त्यांनी टिपणीसांना खरा अहवाल लिहून पाठवला. उत्तर आलं नाही. होळीच्या आधी ते पुन्हा वाडीवर गेले. भीमाच्या घराचं दार काथ्याने बांधलेलं होतं. पुतळाबाई बाहेर उन्हात बसली होती. नवराबायको भिवंडीकडे भट्टीवर गेलीत, पावसाच्या तोंडाला येतील, आली तर, असं ती म्हणाली. श्यामकांत थोडा वेळ त्या दारापाशी उभे राहिले. मग गाडीची वेळ झाली, तसे ते उतरू लागले.