कुशीतला भाला

नौपाड्यातल्या दवाखान्यात बसायला लागून डॉ. रसिकाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्या सकाळी एमा आपल्या नवऱ्याला, अँब्रोजला, रिक्षातून घेऊन आली. घोडबंदरकडच्या गावातला सत्तरीचा माणूस, जन्म खाडीत जाळी टाकण्यात गेलेला. त्याला बाकावर बसवत नव्हतं. वाकून येरझाऱ्या घालत होता. तीन दिवस पित्ताच्या गोळ्या खाऊन काही फरक पडला नव्हता.

"शून्य ते दहात किती दुखतंय, काका?"

"आकडा काय सांगू बाय?"

"बरं, कसं दुखतंय?"

अँब्रोजने दम घेतला. "गुड फ्रायडेला आमच्या चर्चात दाखवतात ना, क्रुसावरच्या सायबाच्या कुशीत शिपाई भाला खुपसतो? तसा. हितं. खुपसून फिरवतो, मग जांघेत उतरतो. जरा सोडतो, परत येतो."

रसिकाने केसपेपरवर नुकतंच 'कॉलिक' लिहिलं होतं. पोटातल्या कळेचा, मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आलेला शब्द, कॉलेजात सरांनी सांगितलेला. पण हे आतडं नव्हतं. कुशीतून जांघेत उतरणारी कळ म्हणजे मुतखडा. तिने इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी करवली. डाव्या मूत्रनळीत खडा अडकलेला दिसला.

दुपारी तिने आईला फोन लावला. सुमेधाबाई डोंबिवलीच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या.

"आई, कुशीत दुखण्याला संस्कृतात काय म्हणतात गं?"

"कुक्षिशूल. कुक्षी म्हणजे कूस, शूल म्हणजे भाला. खुंटी ठोकल्यासारखं दुखतं म्हणून शूल, असं जुन्या वैद्यांनीच लिहून ठेवलंय. आपला पोटशूळ तोच."

रसिकाने केसपेपरच्या कोपऱ्यात 'शूल' लिहिलं. पोटशूळ हा शब्द तिने आजवर फक्त दुसऱ्याचं बरं न बघवणाऱ्यांसाठी वापरला होता. त्यातला भाला तिला कधी दिसलाच नव्हता. आणि संस्कृतचं अक्षर न शिकलेल्या अँब्रोजने तो नेमका तिथेच, कुशीत, दाखवला होता.

कळ थांबल्यावर तो टेकून बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. "हजारो वर्षांपूर्वी वैद्य हेच म्हणाले होते, काका. कुशीतला भाला."

अँब्रोजने कुशीवरून हात फिरवला. "म्हणजे त्यांच्याकडंपन असाच कोणीतरी कळवळत आला असंल."

पाचव्या दिवशी खडा पडला. एमाने तो कागदात गुंडाळून आणला. तांदळाच्या कणीएवढा. रसिका तो तळहातावर घेऊन बघतच राहिली. बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते.