फिल्टर घेण्याआधी

पहाटे साडेपाचला शेतीची वीज आली, तेव्हा चुनीलाल बोरजवळच्या खोलीत बॅटरी घेऊन उभेच होते. मोटार चालू करून त्यांनी आधी घरावरची टाकी भरून घेतली. खत सोडण्यापूर्वी पिण्याचे पाणी, हा त्यांचा नियम होता. मग त्यांनी निळ्या ड्रममध्ये युरिया ओतला आणि बांबूने ढवळला. ड्रममधून निघणारी बारीक नळी ठिबकच्या मुख्य पाइपाला जोडलेली होती. पाणी वाहू लागले की ते खत ओढून उसाच्या मुळांशी नेई. सव्वासहाला वीज गेली. चुनीलाल घरी जाऊन चहा प्याले, दाढी केली आणि पावणेसातला परतले. ड्रम तळापर्यंत रिकामा होता. उसाने खत घेतले असे समजून त्यांनी तो धुऊन उपडा ठेवला. मध्येच वीज गेली की दोन वर्षे हे असेच होत आले होते.

दहा वाजता ते सून चेतनाला आणि चार महिन्यांच्या भाग्येशला घेऊन गाडीने शहाद्याला निघाले. पंधरवड्यापासून बाळाच्या ओठांवर निळसर छटा दिसत होती. बाळ बाटलीतल्या पावडरच्या दुधावर होते. डॉक्टरांनी पाणी तपासायला सांगितले, तेव्हा चेतनाने नमुना नंदुरबारच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि घरात फिल्टर घ्यायचाच, असा आग्रह धरला. सासूबाई सरलाबाईंना दोन्ही पटले नव्हते.

"आपला बोरनं पाणी गोड शे," निघताना त्या म्हणाल्या होत्या. "कळसाडी गावमा इतलं गोड पाणी कोनं शे? वरतून मी ते वीस मिनिटं उकळी देस. मशीन आणखी काय करी?"

"मशीन तुमच्यासारखं बोलत नाही, आई. तेवढाच फरक," चेतना म्हणाली, आणि सरलाबाईही हसल्या होत्या.

दुकानात तीन यंत्रे ओळीने मांडलेली होती. दुकानदाराने पहिल्यावर हात ठेवला. "ही दिव्याची. जंतू मारते. पण विरघळलेलं काही असेल तर ते तसंच राहतं. ती आरओ, विरघळलेलंही बरंचसं काढते. तुमच्या पाण्यात काय आहे ते सांगा, मग मी मशीन सांगतो."

"पाण्यात काय असणार?" चुनीलाल म्हणाले. "पाणी आहे."

चेतनाचा फोन वाजला. अहवाल आला होता. तिने तो एकदा वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"बापू, नायट्रेट एकशे ब्याऐंशी. मर्यादा पंचेचाळीसची आहे."

दुकानदाराचा हात यंत्रावरून खाली आला. चेतनाने तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, घरात बाटलीने दूध पिणारे बाळ आहे का. चेतनाने हो म्हटले.

"ते पाणी बाळाला आत्ताच बंद करा. त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, म्हणून ओठ निळे पडतात. डॉक्टरांना लगेच दाखवा."

"आम्ही उकळून देतो."

"उकळल्यानं ते जात नाही, ताई. पाणी आटतं, हे मागे राहतं. उलट वाढतं." थोडे थांबून त्याने विचारले, "नायट्रेट बहुधा खतातून येतं. याच बोरवर ठिबकमधून खत सोडता? वीज गेल्यावर पाइपातलं पाणी उलटं बोरमध्ये उतरू नये म्हणून झडप असते. ती आहे ना?"

चेतनाने सासऱ्यांकडे पाहिले.

"होती," चुनीलाल म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी मोटार वर काढली तेव्हा अडकत होती, म्हणून काढून टाकली. मिस्तरी नवी बसवू म्हणत होता. मीच म्हटलं, राहू दे."

पुढचे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. वीज जायची, पाइपातले पाणी खाली कोसळायचे आणि जाता जाता ड्रम ओढून घ्यायचे. उसाने प्यायले असे ते ज्याला म्हणत आले होते, ते आज सकाळीही बोरमध्ये उतरले होते. ते दुकानातल्या स्टुलावर बसले. दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी भाग्येशला एक दिवस देखरेखीखाली ठेवून घेतले. वेळेत आलात, बाळ बरे होईल, असे ते म्हणाले. चेतना तिथेच थांबली. चुनीलाल तीन वाजता एकटेच घरी परतले आणि पत्नीला आणि मुलाला, नवनीतला, सगळे सांगितले. सरलाबाईंनी चुलीजवळचे पातेले उचलले आणि ते हातात धरून उभ्या राहिल्या.

"मी रोज उकळं," त्या म्हणाल्या. "रोज. मन्हा हातून."

नवनीतने आधी दार लोटून घेतले. मग म्हणाला, "बापू, झडप उद्या बसवू. आरओ घेऊ. पण गावात बोलू नका. पलीकडची पाच घरं आपलंच पाणी पितात. लोक म्हणतील, चुनीलालनं आम्हाला खत पाजलं."

"पाजलंच."

"माहीत नव्हतं ना आपल्याला."

"सकाळी माहीत नव्हतं. आता आहे. त्यातल्याच भिकुबाईची लेक मोहिनी बाळंतपणाला आलीय. तिचं पोर वीस दिवसांचं, त्यालाही वरचं दूध लागतं. त्या घरातही पाणी उकळतच असतील."

नवनीतने गाडीची किल्ली खिशात घातली.

चुनीलाल बोरवर गेले. ड्रमची नळी त्यांनी पाइपापासून कापून टाकली, मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवला. मग म्हसावदच्या जारवाल्याला फोन करून सहा जार मागवले. जारची गाडी येईपर्यंत ते रस्त्यावरच उभे राहिले. एक जार घरात ठेवला. दुसरा खांद्यावर घेऊन ते भिकुबाईंच्या दारात गेले.

"या भाऊ. हाई काय खांदावर?" भिकुबाई म्हणाल्या. "तुमना बोर आटना का काय?"

"बोर आटला नाही, भिकुबाई. पण ते पाणी मोहिनीच्या बाळाला देऊ नका. तुम्हीही पिऊ नका." त्यांनी जार उंबऱ्याच्या आत ठेवला आणि झडपेपासून सगळे सांगितले. नवी आपणच बसवू दिली नाही, हे दोनदा सांगितले. "आजच शहाद्याला दाखवा. नवनीत गाडी काढतोय."

भिकुबाईंनी मोहिनीला हाक मारली. आतून मोहिनी बाळाला घेऊन बाहेर आली, दारातल्या उजेडात तिने त्याचे तोंड वर केले आणि ओठ पाहत राहिली. चुनीलाल तिथे उभे राहिले. तिने बाळाला शालीत गुंडाळले आणि भिकुबाईंनी चप्पल घातली, तेव्हा ते बाजूला झाले.

नवनीतची गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर ते तिसरा जार घ्यायला परतले. अजून चार घरे राहिली होती.