जुन्या धक्क्याची मधली पायरी

जपून हं, शेवाळ आहे! तुमच्या पायाखालून बोलतेय ती मी, या जुन्या धक्क्याची पायरी. वरच्या पायऱ्या उन्हात वाळतात, खालच्या बहुतेक वेळ पाण्यातच असतात. मी मधली. दिवसातून दोनदा समुद्र माझ्यावर येतो आणि दोनदा परत जातो.

एके काळी मी मागच्या टेकडीचा काळा कातळ होते. पाथरवटांनी मला घडवलं, तेव्हा हे उपनगर नव्हतं; खाडीच्या आतल्या मोठ्या शहरापासून वेगळं, ताठ मानेचं बंदर होतं. जायचं-यायचं ते होडीनेच. डॉक्टर, वकील, नव्या नवऱ्या, कडेवरची रडकी पोरं, सगळी माझ्यावरून गेली. मग पूल झाला आणि होड्या बंद पडल्या. आता शहरातली माणसं सुट्टीला बसने येतात, जुनी घरं बघतात, दीपगृह बघतात, वरूनच माझा फोटो काढतात आणि खायला पळतात.

मला वाटायचं, आपल्याला आता काय नवीन दिसायचंय?

गेल्या हिवाळ्यात तिघं आली. आई, बाबा आणि त्यांची लग्न झालेली लेक. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आई शिवणकाम करायची. 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणता म्हणता समुद्र राहूनच गेला होता, आणि मध्येच आईची डावी बाजू लुळी पडली.

बाबांनी तिला धरून धरून माझ्यापर्यंत आणलं. ओहोटी होती. पाणी बरंच खाली होतं. खाली उतरता येतंय का बघावं म्हणून बाबांनी एक पाय पुढे टाकला मात्र, सर्रकन घसरले आणि माझ्यावर आपटले.

"बाबा!" लेक वरून ओरडली. "पुरे झालं आता. आई, वर ये, इथूनही समुद्रच दिसतो."

"बघायला नाही आले गं मी," आई म्हणाली.

बाबा कोपर चोळत पुटपुटले, "उचलून नेलं असतं तुला. आता अंगात बळ नाही."

"विशीतही जमलं नसतं तुम्हाला," म्हणत आई माझ्यावरच बसली. लेक बसची वेळ बघत राहिली.

बऱ्याच वेळाने आईने बाबांची बाही ओढली. "अहो, ती फुटक्या कडेची पायरी मघाशी कोरडी होती ना?"

"कुठली?"

"तेच तर. दिसत नाहीये आता."

बघता बघता आणखी एक बुडाली. मग तिच्या वरची.

"अगं बाई," आई हळूच म्हणाली, "हा तर आपल्याकडे यायला निघालाय!"

लेकीने बस सोडून दिली. खाली उतरली आणि आईला मागून धरून बसली. एक लाट माझ्या कडेवर फुटली आणि आईच्या उजव्या पायावरून गेली. ती दचकली, मग हसत सुटली. उजव्या हाताने तिने डावा पाय उचलला आणि पाण्यात ठेवला.

"याला काही कळणार नाही. पण यानेच का कोरडं राहावं?"

बाबांनी बुटासकट पाय पाण्यात सोडले.

इतकी वर्षं समुद्र मला रोजचा पाहुणा वाटायचा. त्या दुपारी मात्र त्याच्याखाली मी दडपून गेले. केवढा हा! कुठून कुठून आलेला, आणि एका बाईच्या पावलांशी खेळत बसलेला.

आता माझी कड झिजली आहे. धक्क्यावर सिमेंट घालणार, असं ऐकते. घाला बापडे, लोक घसरतात हे खरंच आहे. फक्त मध्ये एका माणसाला बसता येईल एवढा दगड उघडा ठेवा. समुद्र तिथवर येतो.